आतूनही चावी लागणारं कुलूप

६ एप्रिल

भिंगरीच्या आईस,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नाहीस, म्हणजे माझं नशीब अजून थोडं शिल्लक आहे. तुझा पत्ता तुझ्या मावसबहिणीकडून मिळवला. तिने आधी पोटभर शिव्या घातल्या, मग पत्ता दिला. फोन नंबर मात्र काही केल्या दिला नाही. म्हणाली, "तेवढं तरी तिचं तिला राहू दे."

एकोणीस वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता सगळं जग दारं लावून बसल्यावर याला पत्र सुचतंय, असं तू म्हणशील. म्हण. इथे टाळेबंदी आली आणि टाळेवाल्याचाच धंदा बसला. लोक घराबाहेरच पडत नाहीत, तर त्यांच्या चाव्या हरवणार कुठे? तरी मला अत्यावश्यक सेवेचा पास मिळालाय. दुकानामागच्या खोलीत मी एकटा असतो, गुडघे दुखतात, बाकी ठीक.

लिहायचं कारण भिंगरी. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली, ते तुला कळलं असेलच. जावई विमा कंपनीत आहे, आता घरून काम करतो. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातली चड्डी, असा दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो. माणूस वाईट नाही. तापट आहे. नोकरी जाईल की राहील याची धास्ती आहे, घर दोन खोल्यांचं, कधीमधी त्याचा हात उठतो. कुणाकुणाच्या घरात उठत नाही?

तिच्या वरच्या मजल्यावर शाळेतल्या बाई राहतात. परवा त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "काका, काल खालून भांडी पडल्याचा आवाज येत होता." मी म्हटलं, पडली असतील. तर म्हणाल्या, "भांडी इतका वेळ पडत नाहीत."

मी भिंगरीला फोन केला. "मी बरी आहे" एवढंच बोलते आणि ठेवते. माझ्याशी ती कधीच मोकळेपणी बोलली नाही. तू आई आहेस, तुझं ऐकेल. तिचा नंबर खाली लिहिला आहे. तो डोक्यात राख घालून घेतो तेव्हा उलट बोलू नको, बाजूच्या खोलीत जाऊन बस, अशा चार गोष्टी सांग. घराची काळजी नको. मार्चमध्ये मीच त्यांच्या दाराला नवं कुलूप बसवून दिलंय, चोराच्या बापाला उघडायचं नाही.

भिंगरीचे वडील


१९ एप्रिल

भिंगरीच्या आईस,

तुझं उत्तर नाही. टपाल गोगलगायीच्या चालीने चाललंय, की तूच लिहिलं नाहीस, ते कळायला मार्ग नाही.

भिंगरीचा फोन आता तो स्वतःकडे ठेवतो. लावला की त्याचाच आवाज येतो. "बोला बाबा, ती आंघोळीला गेलीय." परवा तीन वेळा लावला, तिन्ही वेळा ती आंघोळीलाच. वरच्या बाई म्हणतात, ती गॅलरीतही येत नाही, कपडे तोच वाळत घालतो. बाईंच्या घरात फोनला रेंज नाही, म्हणून त्या जिन्यात बसून मुलांचे वर्ग घेतात. त्यामुळे त्यांना सगळं ऐकू येतं आणि मग मला ऐकावं लागतं.

मागच्या पत्रात कुलपाचं अर्धंच लिहिलं. ते कुलूप दोन्ही बाजूंनी चावीचं आहे. म्हणजे आतूनही चावीशिवाय उघडत नाही. जावयानेच मागितलं. म्हणाला, "बाबा, गॅलरीची काच फोडून आत शिरलेला चोर पुढच्या दाराने सामान घेऊन जातो. त्याला दारच उघडता येऊ नये." बोलणं बिनतोड होतं. आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. जावयाला सासऱ्याच्या कामाची कदर आहे म्हणून फुलून गेलो. दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप काढलं, भोवती पोलादी पत्रा ठोकला, बिजागऱ्या बदलल्या. वर फुशारकी मारली, "हे आता माझ्यानेसुद्धा उघडायचं नाही!" तो खूप हसला. भिंगरी चहा घेऊन उभी होती, ती हसली नाही. मी म्हटलं, "हिला लहानपणापासून विनोद कळत नाही."

चाव्या तीन होत्या. तिन्ही त्याच्या हातात दिल्या. माझा नियम तुला माहीत आहे, गिऱ्हाइकाच्या चावीची नक्कल ठेवायची नाही. या नियमावर चाळीस वर्षं नाव कमावलं. पोटच्या पोरीच्या दाराची तरी ठेवावी, हे त्या दिवशी डोक्यातही आलं नाही.

आता तो खाली दूध आणायला गेला तरी बाहेरून लावून जातो. आत गॅस आहे, तेल आहे. काही पेटलं तर ती कुठून बाहेर पडणार, हा विचार आला की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

तू विचारशील, जाऊन उघडत का नाहीस? घरमालक शेजारी उभा असल्याशिवाय दुसऱ्याचं दार उघडायचं नाही. माझ्या वडिलांनी कानस हातात देताना घातलेली ही शपथ आहे. ती मोडली तर उद्या मला कोण दारात उभं करील?

भिंगरीचे वडील


२ मे

भिंगरीच्या आईस,

मी काहीच करत नाही असं समजू नकोस. पोलीस चौकीत जाऊन आलो. तिथला हवालदार ओळखीचा आहे, त्यांच्या कपाटाची चावी वर्षातून दोनदा तरी हरवते. सगळं ऐकून तो हसला. "चावीवाले, आम्ही दिवसभर घरात बसा म्हणून घसा फोडतोय, आणि तुम्ही म्हणताय बाईला घराबाहेर काढा."

तरी भला माणूस, माझ्यासोबत आला. जावयाने लगेच दार उघडलं. तोंडाला मास्क, हातात सॅनिटायझरची बाटली. आधी हवालदाराच्या हातावर थेंब टाकले, मग माझ्या. "या ना, पण आत नको, तुमच्याच तब्येतीसाठी सांगतो." भिंगरी मागे उभी होती. तिच्याही तोंडाला मास्क. घरात मास्क कशाला, असं हवालदाराच्या मनात आलं असेल तर त्याने ते विचारलं नाही. तिचे फक्त डोळे दिसत होते. हवालदार म्हणाला, "काही तक्रार आहे का?" ती म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "मग वडिलांना उगाच फोन करू नका, म्हातारा माणूस धावत येतो." ती म्हणाली, "बरं."

तिने मला फोन केलाच नव्हता. पण आता जावयाला वाटतंय की केला. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. "काका, पुन्हा कुणाला घेऊन येऊ नका."

बाईंनी महिला मदत केंद्रातही विचारून पाहिलं. तिकडचं निवारागृह नव्या बाईला चाचणीच्या अहवालाशिवाय घेत नाही. चाचणी ताप असल्याशिवाय करत नाहीत. आता हिला ताप आणायचा कुठून?

अजून एक लिहायचं राहिलंय. दोन पत्रं ते टाळलं. सगळं बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यात भिंगरी माझ्याकडे आली होती. दुपारची वेळ, हातात कपड्यांची पिशवी. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "थोडे दिवस राहू का?" मी विचारलं, काय झालं. तिने बाही वर केली. मी पाहिलं. तासाभरात जावई आला, डोळ्यांत पाणी, हात जोडून. मी त्याच्यासाठी चहा ठेवला. तिला सांगितलं, "बघ, माफी मागतोय. पुरुषासारखा पुरुष रडतोय, आणखी काय पाहिजे?" ती पिशवी उचलून निघाली. त्या दोघांना सोडायला मीही गेलो. वाटेत त्याने कुलपाचा विषय काढला. म्हणून तर लगेच दुसऱ्या दिवशी बसवून दिलं.

तिचा काही दोष नाही. तिने मला संधी दिली होती.

भिंगरीचे वडील


१४ मे

भिंगरीच्या आईस,

तुझं कार्ड आलं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तसंच बारीक आहे. किती वेळा वाचलं असेल, पाठच झालं. "तिच्या नंबरावर फोन केला, त्याने उचलला. चुकीचा नंबर लागला म्हणून ठेवला. माझा नंबर खाली आहे. तिला कागदावर देऊ नका, सापडेल. पाठ करून घ्या. मला हद्द ओलांडायचा पास तीनदा नाकारला. मुलगी आजारी असल्याचा दाखला मागतात. गाड्या सुरू झाल्या की पहिल्या गाडीने येते. तुम्ही उपदेश करू नका. दार उघडा."

कागद सापडेल, हे माझ्या डोक्यात आलं नसतं. तुझ्या आलं. कसं आलं ते मला विचारायची गरज नाही, तुझ्या पिशव्या आणि उशा उलट्या करून बघणारा मीच होतो.

तुझा नंबर लावून हे बोलायची हिंमत माझ्यात नाही, म्हणून आता लिहूनच टाकतो. आपलं पटत नव्हतं, असं मी आजवर लोकांना सांगत आलो. पटत नव्हतं वगैरे काही नव्हतं. मी तुला मारायचो. हाताने मारायचो, एकदा पान्ह्याने मारलं. तू भिंगरीला मागून घेऊन जाईन म्हणून बहिणीकडे गेलीस, त्याच दुपारी मी घराचं कुलूप बदललं. तिसऱ्या दिवशी तू आलीस. जुनी चावी अर्ध्यात अडकली, ते मी आतून ऐकलं. चावी चुकीची असली की ती कशी अडते, ते मला नाही कळणार तर कुणाला? नऊ वर्षांची भिंगरी माझ्या शेजारी उभी होती. मी तिला म्हटलं, कुणीतरी दार चुकलंय. मग तू तिला हाका मारायला लागलीस, आणि मी रेडिओ मोठा केला. पुढे तिला सांगितलं की आई तुला टाकून गेली. शाळेत, नातेवाइकांत, सगळीकडे तेच सांगितलं.

तेव्हा घरमालक मीच होतो, शेजारीच उभा होतो. नियम कुठे मोडला नव्हता.

तिच्या इमारतीला बाजारात जायची पाळी मंगळवारी, अकरा ते एक. त्या दिवशी तो लांबच्या मोठ्या दुकानात रांग लावतो. मी जातो.

भिंगरीचे वडील


२७ मे

भिंगरीच्या आईस,

काल मंगळवार होता. सगळं जसं झालं तसं लिहितो, पदरचं काही घालत नाही.

मी कोपऱ्यावर उभा होतो. अकराला तो पिशव्या घेऊन निघाला. पाच मिनिटांनी मी दाराशी पोहोचलो. वरच्या बाई जिन्यात फोन धरून वर्ग घेत होत्या. आमचं ठरलं होतं, तो येताना दिसला तर त्यांनी मुलांना तेराचा पाढा मोठ्याने म्हणायला लावायचा. मी दारावर बोट वाजवलं. "भिंगरी, मी आहे." आतून अगदी दाराला लागून आवाज आला, "बाबा, तुम्ही जा."

मी दोन तारा काढून कामाला लागलो. फोडून उघडायचं नव्हतं, तिला विचारल्याशिवाय त्याला कळू द्यायचं नव्हतं. मी माझ्या हाताने बसवलेलं सगळ्यात भारी कुलूप ते, आतल्या एकेक पिना उचलत शेवटच्या पिनेला आलो की दर वेळी आधीच्या सुटायच्या. घामाने चष्मा घसरत होता. मी स्वतःला आईबहिणीवरून शिव्या देत होतो आणि वर बाई मुलांना पाण्याची रूपं शिकवत होत्या. बाराला पाच कमी असताना उघडलं. पन्नास मिनिटं लागली.

भिंगरी वाळली आहे. खालचा ओठ शिवायला हवा होता, तसाच जुळून आलाय. डावा हात अंगाशी धरून होती. मी विचारलं, मोडलाय का? म्हणाली, "माहीत नाही. बोटं हलतात." मी तिला हात लावायला गेलो तर ती मागे सरली. सवयीने सरली असेल. माझ्यामुळे लागलेली सवय की त्याच्यामुळे, ते मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "चप्पल घाल. चल."

"कुठे?"

"माझ्याकडे."

"तुमच्याकडे तो वीस मिनिटांत येईल. मग तुम्ही काय कराल? चहा ठेवाल?"

मी म्हटलं, मी दार उघडणार नाही. ती म्हणाली, "तो पोलीस घेऊन येईल, बाबा. तुम्ही नव्हता का आणला? बायको सासऱ्याने पळवली म्हणेल. तोच हवालदार येईल आणि मला परत सोडून जाईल. त्यानंतर मला काय होईल, ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे."

बाईंच्या घरी लपवू म्हटलं. ती म्हणाली, बाईंच्या घरात दोन लहान मुलं आहेत, तो आधी तिथेच दार ठोठावेल. निवारागृहाचं बाईंनी तिला तो दूध आणायला गेलेला असताना दाराबाहेरून सांगितलं होतं. एकेक करून तिने सगळ्या वाटा मला मोजून दाखवल्या. माझ्याआधी तिने त्या हजार वेळा मोजल्या होत्या, तिच्याकडे वेळच वेळ होता.

मग मी तुझं सांगितलं. तुझा नंबर म्हणालो. तिने दोनदा म्हणवून घेतला, तिसऱ्यांदा स्वतः म्हणून दाखवला, एकही आकडा चुकला नाही. म्हणाली, "आई येईल?" मी म्हटलं, गाड्या सुरू झाल्या की पहिल्या गाडीने. तुला टाकून गेली नव्हती, असंही सांगायला लागलो, तर म्हणाली, "माहीत आहे. हाका ऐकल्या होत्या मी." इतकी वर्षं तिला माहीत होतं आणि ती माझ्याच घरात माझ्या हातचं जेवत होती. मला रडू आलं. ती म्हणाली, "बाबा, रडायला आता वेळ नाही."

मग तिने घड्याळाकडे पाहिलं. "उघडायला किती वेळ लागला?"

"पन्नास मिनिटं."

"मग लावायलाही तेवढाच लागेल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दार चावीशिवाय लागत नाही आणि चाव्या त्याच्या खिशात. तो येईल तेव्हा दार उघडं दिसलं तर संपलं. मी म्हटलं, निदान तुला चावी करून देतो, पुढच्या मंगळवारी आणतो. म्हणाली, "कुठे ठेवू? तो पिठाचा डबासुद्धा उलटा करून बघतो." मी म्हटलं, मग माझ्याकडे ठेवतो. "ठेवा. आई आली की दोघं या. तेव्हा मी चप्पल घालून उभी असेन."

"आणि तोवर?"

"तोवर काय," ती म्हणाली. "लागा कामाला."

बारा वाजून गेले होते. तिने आतून दार ओढून घेतलं. मी पुन्हा गुडघ्यावर बसलो. दर मंगळवारी येईन, दाराबाहेर बसेन, असं मी फटीला तोंड लावून सांगितलं. ती दाराशीच बसली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. या वेळी हात सरावला होता. मला वाटत होतं, सरावू नये. शेवटच्या पिनेला आलो की थांबायचो, वाटायचं आता हिचा विचार बदलेल आणि ही म्हणेल, राहू द्या, उघडा. वर बाईंचं पाण्याची रूपं शिकवून झालं होतं, त्या आता जिन्यातून रस्त्यावर नजर ठेवून होत्या. पावणेएकला आतला दांडा फिरला.

"लागलं?" तिने विचारलं.

"लागलं."

"नीट लागलं का, ओढून बघा."

मी मूठ धरून दार ओढून पाहिलं. नीट लागलं होतं.